सांगलीत वाख, लोकर आणि हातकागदाच्या कार्यशाळा : सल्ला, सामान आणि माणसं हवीत

फाटकं_पान

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या कला केंद्रात (नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको) दिवाळीनंतर वाखाचे (ताग, घायपात यांच्या तंतूंचे) दोर, लोकर आणि कागद यांच्या जुन्या हस्तकलांच्या कार्यशाळा घ्यायचं घाटतंय. जागा म्हणजे जुनी बैठी इमारत, मागे परस, बोअरचं पाणी आणि बऱ्यापैकी लांब पडवी. आजवर तिथं चित्रकला, हार्मोनियम आणि मे महिन्यात बालनाट्य शिबिर एवढंच चालायचं.

समितीत दोन मतं आहेत. एक मत असं की रविवारी दोन तास, तयार किट मागवायचं, लोकांनी चिकटवायचं, विणायचं, फोटो काढायचे आणि वस्तू घेऊन घरी जायचं. गर्दी होते, खर्च निघतो. हे खोटं नाही. मागे दुसऱ्या एका गावी मी अशा कार्यशाळेला गेले होते. कागद तयार, दोरा तयार, भोकंसुद्धा पाडून आलेली. आम्ही फक्त ओवलं.

माझं मत वेगळं आहे. आपल्याकडचा जुना हातकागद लाकडाच्या लगद्याचा नव्हताच. तागाचे झिजलेले दोर, फाटकी गोणपाटं, कोळ्यांची मासेमारीची जुनी जाळी हा कच्चा माल. कागद करणारे कागदी लोक ते चुन्यात मुरवायचे, पायानं चालवायच्या ढेकीखाली कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. दौलताबादजवळचं कागजीपुरा, जुन्नर, पुण्यात कसब्यातलं कागदीपुरा ही सगळी त्या कामाची ठिकाणं. पेशवाईतल्या दप्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद आहे तो असाच तयार झालेला. म्हणजे बैलाचा कासरा झिजला की तो संपायचा नाही, त्यावर पुढे कुणाची तरी सनद लिहिली जायची.

तर माझ्या डोक्यात सलग माळ आहे. तंतू काढा, दोर वळा, जुना दोर कुटून लगदा करा, कागद उचला, त्याची वही शिवा. शेजारी लोकरीचं आणि लगद्याच्या बुट्ट्यांचं वेगळं सत्र. लोक सगळ्या सत्रांना येतील का, माल कुठून आणायचा, आणि मुख्य म्हणजे शिकवायला कोण, यावर बोला. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

हरिपूरकर

कल्पना चांगली, पण एक विचारतो. वाख कधी नाकानं अनुभवलाय का? घायपात कुजायला लागली की पाणी काळं पडतं आणि वास दोन गल्ल्या ओलांडतो. पूर्वी हे काम ओढ्याला, गावाच्या बाहेर व्हायचं ते उगाच नाही. तुमच्या पडवीत पिंप भरून ठेवलंत तर तिसऱ्या दिवशी नगरसेवक दारात.

घायपात कुजवूच नका. ओली पात फळीवर आडवी ठेवून बोथट पात्यानं खरवडली की गर निघून जातो आणि तंतू मोकळे होतात. लगेच धुवून उन्हात टाकले की पांढरेशुभ्र. वास नाही, वाट बघणं नाही. फक्त रस अंगाला लागला की खाज सुटते, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे आणि हातमोजे सक्तीचे करा. पोरांना खरवडायला बसवू नका, धुवायला द्या.

नवखी

मी येणार! पण हे सगळं मिळून किती रविवार? आणि माझी मुलगी चौथीत आहे, तिला चालेल का?

हिशेबी

गोड बोलून झालं, आता वजनं काढू. ए-फोर आकाराचं थोडं जाडसर पान, म्हणजे १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम), याला सुका लगदा साधारण साडेसात ग्रॅम लागतो. वीस माणसं, प्रत्येकी दहा पानं, म्हणजे दीड किलो. शिजवताना आणि धुताना बरंच वजन जातं, म्हणून कच्चा तंतू दोन किलो तरी धरा. ओल्या घायपातीत सुका तंतू निघतो शेकडा तीन-चार. हिशेब करा, पन्नास-साठ किलो पाती तोडून, वाहून, खरवडून आणायच्या. तेही फक्त कागदापुरत्या, दोराचं वेगळं.

म्हणून तंतू काढणं थोडंसं, हाताला कळण्यापुरतं ठेवा. कागदाला जुने दोर आणि सुती कातरण गोळा करा. शिंप्याकडं पोत्यानं पडलेलं असतं.

चिंचोका

हिशेबी यांच्याशी सहमत, पण कातरण घेताना पॉलिस्टर ओळखा. चिंधीचा कोपरा पेटवून बघायचा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटात विरते. पॉलिस्टर वितळून काळा मणी होतो. हल्लीच्या 'कॉटन' कुर्त्यांमध्ये निम्मं मिश्रण असतं, ते लगद्यात कधीच विरघळणार नाही. दोरांचंही तेच. बाजारात सुतळीसारखा दिसणारा प्लॅस्टिकचा दोर सर्रास मिळतो.

कागदाच्या भागाबद्दल सविस्तर लिहितो, संध्याकाळी.

सरीवरंबा

ताई, ताग पायजे असंल तर आत्ताच बोला. दिवाळीनंतर कुठला ताग? आमच्याकडं पलूस-वाळव्याला ताग करतात त्यो हिरवळीच्या खतासाठी. पेरल्यावर दीडेक महिन्यात फुलकळी दिसली की रोटर मारून गाडला, वर ऊस. वाखासाठी पायजे असंल तर त्यो फुलून शेंग धरंपर्यंत उभा ऱ्हायला पायजे. माझ्या रानात बांधाकडंच्या सऱ्या सोडतो, न्हाई गाडत. दाट पेरलाय, म्हणून फांद्या कमी आणि काड्या सरळ हाईत, वाखाला तसाच लागतो.

कापून, पाला झाडून, पेंढ्या बांधून वाळवून देतो. भिजवायचं तुमचं तुम्ही बगा. शेततळ्यात न्हाई टाकू देणार, मासं सोडल्यात. सिमेंटची टाकी बगा कुणाची तरी. थंडीत कुजायला जास्त दिस लागतात. बुडाकडनं साल चिमटीत धरून ओढायची, काडीवरनं मोज्यागत सरकन निघाली की झालं. त्याच्यापुढं ठेवला की वाख मऊ पडतो आणि मग तुटतो.

राहिलेल्या काड्या टाकू नका. चुलीला लई भारी.

फाटकं_पान

सरीवरंबा, मनापासून आभार. सऱ्या सोडाच. टाकीचं बघते, आमच्या एका सदस्यांची गावाकडं गोठ्यामागे रिकामी टाकी आहे म्हणतात.

नवखी, चार-पाच रविवार धरून चाला. चौथीतल्या मुलीला लगदा आणि कागद उचलणं नक्की जमेल.

वाळव्याची_पोर

एवढे सगळे प्रतिसाद वाचले. तागाचं झालं, पॉलिस्टरचं झालं, मास्यांचंही झालं. शिकवणार कोण हा प्रश्न चर्चेत पहिल्यांदा विचारलाय आणि त्याला कुणी हात लावलेला नाही.

माझे आजोबा दोर वळायचे. आम्ही मातंग. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी महिनाभर आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, शिंकी. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात आपला बेंदूर, दोन्हीची मागणी. पैसे नाहीत, सुगीला बलुतं. तेही कुणी हसून दिलं, कुणी हेलपाटे घालायला लावून. नायलॉनचा दोर आला तेव्हा गावातल्या लोकांना वाईट वाटलं असेल, आमच्या वडलांना नाही वाटलं. ते साखर कारखान्यात लागले आणि दोराचं सगळं सामान माळ्यावर फेकलं. ते म्हणतात, या कामानं पोट भरलं पण मान वर झाली नाही.

तेव्हा कृपा करून 'लुप्त होत चाललेली आपली परंपरा' वगैरे पोस्टर करू नका. ती लुप्त झाली नाही, आम्ही ती सोडली. दोन्हींत फरक आहे.

एवढं बोलून सांगते, माझी आत्या अजून वळते. हात बघण्यासारखा आहे. एका बाजूला माणूस आकडा फिरवत मागं मागं सरकतो, आत्या बसून मुठीतला वाख चिमूट चिमूट सोडते. वाख संपत आला की पुढची चिमूट आधीच्या शेपटीत अशी मिसळते की जोड कुठं आहे ते बोटाला लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं नुसती बसलीय. जाडी सारखी राखणं हेच सगळं काम आहे. पुढं तीन पेड उलट्या पिळानं एकत्र केले की दोर आपोआप एकमेकाला धरून बसतो, गाठ लागत नाही.

ती यायला तयार होईल. माझ्या अटी अशा. मानधन चित्रकलेच्या सरांना देता तेवढंच, रुपया कमी नाही. पत्रिकेत नाव प्रशिक्षक म्हणून, 'कारागीर' म्हणून खाली बारीक अक्षरात नाही. तिला कोपऱ्यात बसवून लोकांनी नुसते व्हिडिओ काढायचे नाहीत, समोर बसून शिकायचं. आणि येण्याजाण्याची गाडी.

हरिपूरकर

चारही अटी रास्त आहेत. मी तर म्हणेन समितीनं हे लेखी द्यावं.

कधीतरी_येतो

विषय हस्तकलेचा, त्यात जात कशाला आणायची? कला सगळ्यांची असते.

वाळव्याची_पोर

शिकायला सगळ्यांची, हो. त्यासाठीच तर आत्या येणार आहे. करायची वेळ होती तेव्हा मात्र ती सगळ्यांची नव्हती. तुमच्या घरी कुणी वाख कुजवला होता का?

कधीतरी_येतो

मुद्दा कळला. पण सतत मागचंच काढत बसलो तर नवीन लोक लांब जातील, एवढंच म्हणायचं होतं.

माणदेशी_मेंढरू

लांब नाही जात हो कुणी. कुणी कुणाला काय दिलं आणि काय नाही, हे माहीत असलं म्हणजे माल जपून वापरला जातो.

आता लोकरीचं. मी आटपाडीकडचा. आमच्या भागात लोकर म्हणजे आज डोकेदुखी आहे. मेंढरं कातरावीच लागतात, नाहीतर अंगावर किडे होतात, आणि कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त. कित्येक जण लोकर बांधावर टाकून पुढच्या चराईला निघतात. जतकडची माडग्याळ मेंढी तर मुळात मटणासाठीच नावाजलेली. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, काळी-करडी. ती अंगाला टोचते, पण घोंगडीला तीच लागते. विणणारे सनगर, राखणारे धनगर, आणि दोघांच्यात पिढ्यानपिढ्यांचा उधारीचा व्यवहार.

म्हसवडकडं अजून हातमागाची घोंगडी मिळते. खड्डा माग बघायला मिळाला तर जरूर बघा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, शिजवून. मोठ्या कुंच्यानं ती ताण्यावर ओढायची. त्यानं सूत ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. नव्या घोंगडीला जो वास आणि कडकपणा असतो तो खळीचा. धुतली की मऊ पडते.

पण माग केंद्रात आणायच्या भानगडीत पडू नका. एका रविवारात घोंगडीचा वीतभर पण तुकडा होत नाही. त्याऐवजी पिंजणं आणि सूत कातणं ठेवा. नमदा (न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड) करायचा असला तर गरम पाणी, साबण आणि भरपूर चोळणं. फक्त आपली दख्खनी लोकर मेरिनोसारखी चटकन धरत नाही, माणूस घामाघूम होतो. बसायची आसनं मात्र मस्त होतात. लोकर मी फुकट आणून देतो, पण न धुतलेली. त्यात गोखरू, लेंड्या, सगळं असणार.

नवखी

लेंड्या??

माणदेशी_मेंढरू

मग काय, मेंढरू शांपू लावून फिरतंय का? :)

चिंचोका

कबूल केल्याप्रमाणे कागद. (नाव चिंचोका असलं तरी खळीवर सगळ्यात शेवटी येतो.)

शिजवणं. दोर असेल तर बोटभर तुकडे करून उकलून घ्या, कातरण असेल तर टिकलीएवढं कापा. सुक्या मालाच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के धुण्याचा सोडा, भरपूर पाणी, मंद आचेवर दोन-तीन तास. कॉस्टिक सोड्याचं नाव काढू नका, समोर लोक असताना तर मुळीच नाही. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो, भांडं काळं होतं आणि मालही.

आता धुणं. पुस्तकात लिहितात 'स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा'. पाणी दिसायला स्वच्छ असतं तरी सोडा राहतो, आणि तो राहिला की कागद काही वर्षांत पिवळा पडून तुटतो. याला सांगलीकरांनी सोडा तपासायचा वेगळा कागद विकत आणायची गरज नाही. हळद पाण्यात कालवून साध्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवा आणि सावलीत वाळवा. धुतलेल्या लगद्याचा थेंब पट्टीवर टाका. तांबडा डाग उमटला तर सोडा आहे, परत धुवा. पिवळी ती पिवळीच राहिली तर झालं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं ते याच कारणानं. पोरांना हा प्रकार इतका आवडतो की ती लगदा सोडून साबण, लिंबू, चुना, सगळ्यांचे थेंब टाकत बसतात. टाकू द्या. हळद भरपूर आहे आपल्याकडं.

पण हळदीनं कागद रंगवायचा मोह होईल, तो आवरा. रंग झक्क येतो आणि उन्हात तितकाच झपाट्यानं उडतो. रंगीत सूत आणि कागद दाखवायचेच असतील तर 'हा टिकणार नाही' असं सांगून दाखवा.

कुटणं. इथं लोक मिक्सर काढतात. मिक्सरचं पातं तंतू कापतं. कुटल्यानं तंतू कापला जात नाही, तो ठेचून पिंजारतो आणि त्याच्या कडेला बारीक केस सुटतात. ते केस एकमेकांत अडकतात म्हणून कागद मजबूत होतो. मिक्सरच्या कागदाला घडी घातली की तुटतो. म्हणून उखळ-मुसळ, नाहीतर जाड फळी आणि लाकडी मोगरी. आळीपाळीनं कुटायचं, गप्पा मारत. लगदा झाला का ते बघायला काचेच्या बाटलीत चिमूटभर टाकून पाण्यानं हलवा आणि उजेडात धरा. गठळ्या दिसल्या तर अजून कुटा. एकसारखं धुकं दिसलं तर बास.

उचलणं. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, वर तेवढीच रिकामी चौकट. टबात लगदा ढवळायचा, साचा तिरका आत घालायचा, आडवा करून वर काढायचा आणि पाणी निथळत असतानाच एकदा इकडं, एकदा तिकडं हलवायचा. पाणी गेल्यावर हलवलं तर पानाला सुरकुती येते. तागासारखा लांब तंतू टबात पटकन तळाला जातो आणि गुंततो. त्यावर उपाय म्हणजे भेंडीचं पाणी. भेंड्या ठेचून रात्रभर भिजवायच्या आणि तो चिकट द्रव गाळून टबात घालायचा. तंतू तरंगत राहतात, पाणी सावकाश निथळतं आणि पान एकसारखं बसतं.

सरीवरंबा

भेंडी? अहो हे तर आमच्या गुऱ्हाळावरचं! काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी सोडतात, मळी वर येती आणि काढून टाकायची. गुळवे रानभेंडीची झाडंच ठेचून घालतात. कागदाला पण तीच चालती हे आज कळलं. भेंडी मी देतो, जून झालेली चालंल न्हवं?

चिंचोका

पळेल. खोड-मुळंही टाकू नका, चिकटपणा त्यातही असतो.

पुढचं. ओलं पान सुती कापडावर उपडं करा, वर दुसरं कापड, अशी थप्पी. दोन फळ्यांमध्ये दाबायची. बायंडिंगचा दाब मिळाला तर उत्तम, नाहीतर गाडीचा जॅक आणि एक भक्कम चौकट. दाबल्याशिवाय उन्हात टाकलेला कागद ब्लॉटिंगसारखा राहतो. वाळवणं कापडासकट दोरीवर, किंवा काचेवर चिकटवून. काचेवरच्या बाजूला झिलई येते.

आणि आता चिंचोका. बिनखळीच्या कागदावर शाई फुटते. माणदेशींनी सांगितली तीच खळ पातळ करून कागदावर ओढा, वाळवा आणि मग गुळगुळीत दगडानं किंवा मोठ्या कवडीनं घोटा. जुन्या दप्तरांचा कागद बोटाला लोण्यासारखा लागतो तो घोटल्यामुळे. बोरूनं लिहायचं असेल तर घोटलेल्याच कागदावर. खांदा भरून येतो, हे आधी सांगून ठेवतो.

उसाचा_फड

एवढ्या चिपाडाच्या राज्यात राहतो आपण, चिपाडाचा कागद का नाही?

चिंचोका

होतो. पण चिपाडात आतला भुसा असतो, तो चाळून काढावा लागतो, आणि तंतू आखूड. नुसत्या चिपाडाचं पान हातानं उचललं तर पापडासारखं मोडतं. तिसरा हिस्सा चिपाड आणि बाकी सूत किंवा ताग घेतला तर पोत छान येतो. कारखान्यावर मागायला जाऊ नका, ते सगळं बॉयलरला जातं. रसवंतीवाल्याकडून घ्या.

हरिपूरकर

कागद झाला की तो ठेवणार कुठं? माझं एवढंच ऐका, तळमजल्यावर नको. २००५ च्या पुरात आमच्या हरिपुरातली हळदीची पेवं गेली. जमिनीखाली पिढ्यानपिढ्या हळद राखणारी पेवं, पाणी शिरलं आणि संपली. २०१९ ला सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं गेली. तुमची बैठी इमारत आहे म्हणता, तर किमान छताजवळ फळ्या ठोका.

उसाचा_फड

त्यावरून आठवलं. पुरात भिजलेली पुस्तकं, जुनी पाठ्यपुस्तकं यांचा लगदा करून नवा कागद, अशी कल्पना कशी वाटते? पेपरवाले पण येतील.

फाटकं_पान

पेपरवाले येतील, खरं आहे. पण मला ते नको वाटतं. ज्यांची पुस्तकं गेली त्यांच्यासमोर त्याचा खेळ करायला मन धजत नाही. शिवाय छापील कागदाचा तंतू आधीच आखूड आणि थकलेला असतो, त्याचा कागद धड होत नाही.

रद्दीला आपल्याकडं जुनीच चांगली वाट आहे, लगद्याची बुट्टी. माझ्या सासूबाई अजून करतात. वर्तमानपत्र पाण्यात दोन-तीन दिवस भिजत घालायचं, पिळून कुटायचं, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या. मेथीचा चिकटपणा धरून ठेवतो आणि कीड लागत नाही. पातेलं उपडं करून त्याला राख चोळायची आणि वरून एकसारखं थापायचं. पूर्ण वाळलं की बुट्टी अलगद सुटते. जुन्या सुपाच्या फटी पण याच लगद्यानं लिंपायच्या. याला मुलं, म्हातारी, कुणीही बसू शकतं आणि दोन तासांत हातात काहीतरी दिसतं. समितीतल्या 'दोन तासवाल्यां'ना हे सत्र देऊन टाकते. :)

हिशेबी

ही चाल आवडली. त्याच सत्राच्या फीमधून आत्यांचं मानधन काढा. बुट्टीला माल रद्दी आणि मेथ्या, खर्च नगण्य. दोराच्या सत्राला फी कमी ठेवा, नाहीतर ज्यांच्या घरात हे काम होतं त्यांचीच मुलं बाहेर राहतील.

वाळव्याची_पोर

हे बरोबर बोललात. आमच्या गल्लीतली दोन पोरं येतो म्हणाली, कॉलेजला जाणारी. आजोबांनी त्यांना कधी हात लावू दिला नव्हता.

कधीतरी_येतो

वही शिवायच्या सत्राला मी मदत करू शकतो. आमचं बायंडिंगचं दुकान होतं गणपती पेठेजवळ. पाडव्याच्या वहीपूजनाला लागणाऱ्या लाल कापडाच्या चोपड्या आम्ही करायचो. हातकागद जाड असतो, एका घडीत चार पानांच्या वर घेऊ नका, कणा फुगतो. दोरा वाखाचा वळून मेण लावून वापरता येईल, पण तो फार बारीक वळावा लागेल. आत्यांना जमेल का विचारा. दाबाचं यंत्र अजून घरी पडून आहे, बिडाचं आहे, उचलायला चौघं लागतील.

वाळव्याची_पोर

आत्याला फोनवर विचारलं. म्हणाली, "सुईत जाईल एवढा देते, पण त्यांना सांग मेण आधी लावायचं न्हाई, वळून झाल्यावर."

फाटकं_पान

बैठक झाली, थोडक्यात सांगते. भांडण झालं. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की लोकांना कुटायला लावलं तर कुणी परत येणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. पण बहुमतानं मंजूर झालं. दिवाळी आणि तुळशीचं लग्न उरकलं की सुरुवात. पहिल्या रविवारी घायपात खरवडणं आणि सरीवरंबांचा ताग सोलणं, दुसऱ्या रविवारी दोर, मग शिजवणं-कुटणं, मग कागद, शेवटी वही. लोकर आणि बुट्टी शनिवारी, स्वतंत्र. मधल्या एका सत्राला नाही आलात तर पुढच्याला बसता येईल, पण कुटायच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याला कागद उचलायला सगळ्यात शेवटी नंबर.

वाळव्याची_पोर, अटी लेखी मंजूर. मानधन आणि पत्रिकेतलं नाव दोन्ही. गाडीचं कधीतरी_येतो बघतो म्हणालेत.

पाण्याचं एक राहिलंय. शिजवलेल्या मालाचं सोड्याचं पाणी परसातल्या झाडांना नको, आणि गटारीत एकदम ओतायलाही नको. काय करायचं?

चिंचोका

पिंपात साठवून पुढच्या शिजवण्याला परत वापरा, एकदा तरी चालतं. नंतर भरपूर पाणी मिसळून थोडं थोडं सोडा. हळदीची पट्टी तिथंही लावून बघा.

नवखी

माझं आणि मुलीचं नाव घ्या. येताना काय आणायचं?

फाटकं_पान

घेतलं. जुने कपडे, एक बादली, आणि घरात सुती साडी फाटायला आली असेल तर ती. जरीचे काठ नकोत, कापून आणा.

माणदेशी_मेंढरू

लोकर शुक्रवारी संध्याकाळी पोचवतो, टेम्पोनं. तोवर कुणीतरी मोठी पातेली आणि रिठे बघून ठेवा. आणि ती पोती आत पडवीत ठेवू नका हां, मांजरं लोळतात.